धाव संपल्यावर काय?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

धावण्याच्या शर्यतीविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते शर्यतीच्या आधीचे तरी असते, नाही तर शर्यत चालू असतानाचे तरी असते. कोण किती वेळात धावला, कितवा आला, बक्षीस काय मिळाले, एवढे विचारून झाले की विषय संपतो. धावणाऱ्याचे शरीर मात्र अंतिम रेषा ओलांडल्यानंतर कित्येक दिवस, कधी कित्येक महिने, त्या धावेचा हिशेब चुकता करीत असते. हा हिशेब समजून घेतला नाही तर पुढची शर्यत हातची जातेच, पण पुष्कळदा धावणेच सुटते. प्रस्तुत लेखात या हिशेबाविषयी मला वाचून, विचारून आणि थोडेसे स्वतः धावून जे समजले ते सांगण्याचा प्रयत्न आहे. विषय खेळाचा असला तरी तो केवळ खेळाडूंचा नाही, हे लेखाच्या शेवटी वाचकांच्या लक्षात यावे.

अतिदीर्घ धाव म्हणजे काय?

मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटरची शर्यत, हे आपल्याला ठाऊक असते. त्याहून लांब असलेल्या कोणत्याही धावेला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. आपण तिला अतिदीर्घ धाव म्हणू. काही शर्यती अंतराच्या असतात: ५० किलोमीटर, १०० किलोमीटर. काही वेळेच्या असतात: बारा तासांत किंवा चोवीस तासांत जितके जमेल तितके धावायचे. लिथुआनियाच्या अलेक्झांडर सोरोकिन याने २०२२ साली इटलीतील व्हेरोना येथे चोवीस तासांत ३१९ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. परभणीहून छत्रपती संभाजीनगर जेवढे दूर आहे त्याच्या दीडपटीहून हे अंतर जास्त भरते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध शर्यत दक्षिण आफ्रिकेत होते. तिचे नाव कॉम्रेड्स. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने ती १९२१ साली सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले होते. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधील हे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास आहे. अलीकडच्या वर्षांत या शर्यतीला भारतातून शेकडो लोक जातात आणि त्यांत महाराष्ट्रातील माणसे पुष्कळ असतात.

लांब धावणे ही आपल्याकडे परकी गोष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि तेथून भारताचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याची खटपट सुरू झाली. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धाव पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. आपल्या परभणीची ज्योती गवते हिने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकाविला तेव्हा तिची वेळ होती २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद. दोन्ही वेळांत जेमतेम आठ सेकंदांचे अंतर आहे. अँटवर्पचा मार्ग थोडा लांब होता, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. परंतु मध्ये ९७ वर्षे गेली आणि एका परभणीच्या मुलीने जवळपास तोच आकडा गाठला, हे वाचून मला फार बरे वाटले. त्यानंतरही ती कित्येक वर्षे मुंबईत पहिल्या तिघींत येत राहिली. एका वर्षाचे यश जिद्दीने मिळू शकते. वर्षानुवर्षे टिकण्यासाठी शरीर राखावे लागते, आणि राखणे ही वेगळी विद्या आहे.

शरीरात नेमके काय घडते?

मागील डिसेंबरात आमच्या जिमखान्याच्या सरांनी भरीस घातल्यामुळे मी परजिल्ह्यात होणाऱ्या ५० किलोमीटरच्या एका शर्यतीत धावलो. मला सहा तास एक्केचाळीस मिनिटे लागली. शर्यत संपली त्या संध्याकाळी मी बऱ्यापैकी चालत होतो. दुसऱ्या दिवशी पाय जड झाले आणि तिसऱ्या दिवशी बसस्थानकाच्या पायऱ्या मला कठड्याला धरून, पाठमोरे होऊन उतराव्या लागल्या. दुखणे पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त का असावे, हा प्रश्न मला पडला आणि तेथून हा अभ्यास सुरू झाला.

आपल्या मैदानावर सर्वत्र ऐकू येणारे उत्तर म्हणजे 'पायात आम्ल साचते'. स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल हे त्याचे नाव. पण हे आम्ल धाव थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघून जाते, मग तिसऱ्या दिवशीचे दुखणे त्याच्या माथी कसे मारता येईल? खरे कारण असे की, प्रत्येक पावलाला, विशेषतः उतारावर, मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो. अशा हजारो पावलांनी स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म चिरा पडतात. मग दुरुस्तीसाठी तेथे रक्त, पाणी आणि पेशी धावून येतात, सूज येते व नसा हळव्या होतात. या कामाला वेळ लागतो, म्हणून वेदनेचा जोर साधारण चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान असतो. पडझड झालेले घर डागडुजी करताना अधिक विस्कटलेले दिसते, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट इंधनाची. ढोबळ मानाने धावताना दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला एक उष्मांक खर्च होतो. साठ किलो वजनाच्या मुलाला ५० किलोमीटरसाठी तीन हजार उष्मांक लागतात. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या जवळपास उष्मांक असतात. तेव्हा आठ-नऊ भाकरींचे बळ त्या एका सकाळी खर्ची पडते. स्नायू आणि यकृत यांत साठविलेली साखर एवढी नसते. ती रिकामी होते आणि पुन्हा भरायला एक-दोन दिवस, स्नायू फार दुखावले असतील तर त्याहूनही अधिक लागतात. तिसऱ्या दिवशी मला लागलेली भूक अशी होती की आजी म्हणाली, "पोटात लांडगा बसला की काय रे तुह्या?"

तिसरी गोष्ट रोगप्रतिकाराची. १९८२ साली केपटाऊन येथील ५६ किलोमीटरच्या टू ओशन्स शर्यतीनंतर दीडशे धावपटूंची पाहणी झाली. पुढील दोन आठवड्यांत त्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना घसा, सर्दी, खोकला यांचा त्रास झाला. त्यांच्याच घरात राहणाऱ्या, न धावलेल्या माणसांत हे प्रमाण १५ टक्के होते. या निष्कर्षांवर पुढे संशोधकांत वादही झाले. पण मोठ्या धावेनंतर झोप आणि जेवण यांत कसूर करू नये, एवढे त्यातून घेण्यास हरकत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत आश्चर्याची वाटली. २००९ साली इटलीतील बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ४४८७ किलोमीटरची शर्यत झाली. धावपटू ६४ दिवस, एकही सुट्टी न घेता, रोज सरासरी सत्तर किलोमीटर धावत होते. जर्मन डॉक्टरांच्या एका पथकाने एमआरआय यंत्र मालमोटारीवर चढविले आणि ते धावपटूंच्या बरोबर नेले. त्या तपासणीत असे दिसले की, शर्यतीच्या अखेरीपर्यंत मेंदूतील करड्या भागाचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटले होते. आठ महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा ते पूर्ववत झाले होते. यातून दोन्ही गोष्टी कळतात. शरीर किती देऊ शकते हे कळते, आणि दिलेले परत भरून यायला किती काळ लागतो हेही कळते.

याशिवाय एक गोष्ट यंत्रात दिसत नाही. शर्यतीनंतरच्या आठवड्यात मन उदास होते. महिनोन्‌महिने ज्या दिवसाकडे डोळे लावून बसलो तो दिवस निघून गेलेला असतो. परीक्षा संपल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी वसतिगृहात जसे वाटते तसेच काहीसे ते असते. हे पुष्कळांना होते आणि आपोआप जाते. ते आधी माहीत असले म्हणजे माणूस घाबरत नाही.

पहिले तीन दिवस

धाव संपताच आडवे पडू नये. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालत राहावे. धावताना पायांच्या स्नायूंचा दाब रक्ताला वर ढकलत असतो. एकदम थांबले तर रक्त पायांत उतरते आणि भोवळ येते.

पाणी प्यावे, पण तहान लागेल तसे. 'जितके जास्त पाणी तितके चांगले' ही समजूत धोक्याची आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेले होते. घामातून मीठ गेले आणि वरून नुसते पाणीच भरले, की रक्तातील मिठाचे प्रमाण पातळ होते. डोके दुखणे, ओकारी, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत, आणि प्रसंगी ते जिवावरही बेतते. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला मीठ घातलेले ताक देतात, ते शहाणपण येथेही कामाचे आहे.

वेदनाशामक गोळी लगेच घेऊ नये, धावताना तर मुळीच नाही. शरीरातील पाणी कमी झालेले असते तेव्हा मूत्रपिंडावर आधीच ताण असतो आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तेथील रक्तपुरवठा आणखी कमी करतात. अतिदीर्घ शर्यतींतील धावपटूंवर झालेल्या पाहणीत ही गोळी घेतलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचा त्रास अधिक आढळला आहे. मेडिकलच्या दुकानात सहज मिळते म्हणून गोळी निरुपद्रवी ठरत नाही. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर घरगुती उपाय करीत बसू नये. स्नायूंचा चुरा रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण असते, तेव्हा थेट दवाखाना गाठावा. छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज येणे, किंवा हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येणे, या खुणांकडेही दुर्लक्ष करू नये.

अन्नाविषयी लांबलचक याद्या पुस्तकांतून असतात आणि त्यांतील निम्मे पदार्थ परभणीच्या बाजारात मिळत नाहीत. त्याची गरजही नाही. भाकरी, वरण, भात, अंडी, दूध, केळी, शेंगदाणे आणि गूळ यांवर काम उत्तम भागते. धावणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, लोहाची उणीव भासते. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या साहाय्याने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण प्रसारित केला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. ज्या विद्यापीठाच्या रस्त्यांवर आपण पहाटे धावतो तेथेच धावणाऱ्याला हवे असलेले धान्यही तयार झाले, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आणि झोप. स्नायूंच्या दुरुस्तीला लागणारे अंतःस्राव गाढ झोपेत सर्वाधिक स्रवतात. या औषधाला पैसा पडत नाही, तरी ते सर्वांना मिळत नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

मालिश करावी काय? पहिल्या दिवशी जोराने रगडणे बरे नव्हे, कारण चिरा ताज्या असतात. हलक्या हाताने तेल लावल्यास आराम पडतो. मी नको म्हणत असताना आजीने पायाला तेल लावले आणि म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिशी बैलाची बी खांदमळणी करतेत, मग तुह्या पायानं काय पाप केलंय?" वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपायचे नाही, ही आपली जुनी रीत. श्रमाइतकीच विश्रांतीलाही तिथी असावी, हे आपल्या कुणब्याने केव्हाच ओळखले होते.

पुढचे आठवडे

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे ओसरते आणि खरा धोका तेथून सुरू होतो, कारण आता आपण बरे झालो असे वाटू लागते. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून ते एक-दोन आठवड्यांत सावरतात. स्नायू हाडाला बांधणारे दोरखंड आणि खुद्द हाडे यांची दुरुस्ती फार मंद चालते. ज्याचे दुखणे थांबले ते दुरुस्त झाले असे नसते.

न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टर यांचा एक नियम धावपटूंत प्रसिद्ध आहे. शर्यत जितक्या मैलांची, तितके दिवस पुन्हा शर्यत धावायची नाही व जोराचा सरावही करायचा नाही. हा गृहस्थ १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वयाच्या ४१ व्या वर्षी मॅरेथॉनमध्ये रौप्यपदक मिळवून गेला, तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन आहे. या हिशेबाने ५० किलोमीटरला एकतीस दिवस आणि कॉम्रेड्ससारख्या नव्वद किलोमीटरला छप्पन्न दिवस होतात. हा काही प्रयोगशाळेतील सिद्धान्त नव्हे. अनुभवाचा अडसर आहे.

मी तो असा पाळला. पहिला आठवडा फक्त चालणे, तेही अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड वीस मिनिटांची मंद धाव, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. तिसऱ्या आठवड्यात चाळीस मिनिटे. चौथ्यात नेहमीच्या निम्मे. शरीर तयार आहे की नाही हे पाहण्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजावी आणि वहीत लिहून ठेवावी. माझी नाडी एरवी ५४ असते. शर्यतीनंतर ती ६५ पर्यंत गेली होती आणि नेहमीवर यायला अकरा दिवस लागले. या उपायाला घड्याळ आणि दहा रुपयांची वही पुरते.

लांब चालण्याचा आपल्या समाजाचा अनुभव शेकडो वर्षांचा आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते तेव्हा पुण्याहून सासवडला जाण्याचा टप्पा सर्वांत कठीण मानला जातो, कारण वाटेत दिवेघाट चढावा लागतो. त्यानंतर सासवडला पालखीचा मुक्काम एक रात्र वाढविलेला असतो. चढणीच्या दिवसानंतर लगेच विसावा! शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणी-गंगाखेडवरून जाते. सुमारे साडेसातशे किलोमीटरची ती वाट महिन्याहून अधिक काळ चालते. ती न्याहारी, दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम यांत बांधलेली आहे. कोणताही टप्पा माणसाच्या कुवतीबाहेरचा ठेवलेला नाही, म्हणून साठी उलटलेल्या बायकाही पंढरपुरास पोहोचतात. सरावाचे वेळापत्रक आखू इच्छिणाऱ्याने वारीचे वेळापत्रक एकदा जरूर अभ्यासावे.

पुढील शर्यत कशी ठरवावी?

पहिली सूचना अशी की, शर्यत संपल्यानंतरच्या आठवड्यात पुढच्या शर्यतीचा अर्ज भरू नये. त्या दिवसांत मन एकतर उत्साहाने फुगलेले असते, नाही तर उदास असते, आणि दोन्ही वेळा माणूस हिशेब विसरतो. एक महिन्याने नाडीची वही, पायांची स्थिती आणि खिसा पाहून ठरवावे.

दुसरी सूचना: शर्यतीच्या तारखेपासून उलटे मोजत यावे. शेवटचे दोन-तीन आठवडे धावणे कमी करीत आणण्याचे. त्यामागचे तीन-चार महिने लांब धावा हळूहळू वाढविण्याचे, आणि दर तीन आठवडे वाढविल्यावर चौथा आठवडा हलका ठेवण्याचा. त्याआधी पाया घालण्याचे दोन महिने. अशी बेरीज केली तर वर्षातून एक, फार तर दोन अतिदीर्घ शर्यती बसतात. दर दोन महिन्यांनी पदके गोळा करणारा धावपटू पुढल्या वर्षांचे बियाणे या वर्षी खातो.

तिसरी सूचना आपल्या मुलखाची. परभणीचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचच्या आत धाव उरकावी आणि अंतरापेक्षा नियम राखावा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला शेर-दोन शेर चिकटतो, तेव्हा शेतरस्ते सोडावेत. दिवाळीनंतर थंडी पडते आणि तो काळ आपल्याकडे लांब धावांना सर्वोत्तम. विद्यार्थ्याने यात विद्यापीठाच्या परीक्षाही धराव्यात. शेतकरी जमीन, पाऊस आणि खळे पाहून पीक ठरवितो, तसेच हे नियोजन आहे. एकाच रानात सालोसाल तेच पीक घेतले की रान हिणावते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

माझा स्वतःचा बेत साधा आहे. येत्या हिवाळ्यात एक मॅरेथॉन, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ५० किलोमीटर. कॉम्रेड्सला वयाची वीस वर्षे पूर्ण लागतात, ती पुढच्या वर्षी होतील. विमानाचे भाडे कधी होईल ते सांगता येत नाही. पण स्वप्नाला वयाची अट असली तरी घाईची अट नसते, हे या अभ्यासाने मला पटले आहे.

विश्रांती कोणाला परवडते?

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे वळतो. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुले-मुली पहाटे धावतात ती शर्यतीसाठी नव्हे, भरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की चार-सहा आठवड्यांत शरीर तयार करण्याची धडपड सुरू होते. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न सोडता. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने कूच करणाऱ्या जवानांच्या पायाची एक सूज नोंदविली. ती हाडाला गेलेली बारीक चीर होती हे पुढे क्ष-किरणांच्या काळात कळले. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड खरवडून काढते आणि मग नवे भरते. खरवडणे लवकर होते, भरणे सावकाश. त्यामुळे सराव सुरू केल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड पूर्वीपेक्षा नाजूक असते, आणि नेमके त्याच वेळी आपण जोर वाढवितो.

माझ्या गावच्या एका मित्राची नडगी अशीच दुखत होती. ज्या प्रशिक्षण वर्गात तो जात होता तेथे त्याला सांगण्यात आले की दुखण्यातूनच जवान घडतो. साध्या एक्स-रेमध्ये अशी चीर पहिले काही आठवडे पुष्कळदा दिसत नाही, त्याचीही दिसली नाही. मैदानी चाचणीच्या नऊ दिवस आधी त्याला काठी घ्यावी लागली. दीड महिन्याची विश्रांती वेळीच घेतली असती तर कदाचित पुढच्या भरतीला तो सुदृढ उभा राहिला असता. पण पुढची भरती कधी निघेल हे ठाऊक नसलेल्या मुलाला 'थांब' म्हणणे सोपे नसते, हेही खरे आहे.

दुसरे उदाहरण माझ्या घरातले. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. हे चार-पाच महिने चालते. एक दिवस आजारी पडले तर त्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मी धावलो ती सहा तास एक्केचाळीस मिनिटे, आणि त्यानंतर एकतीस दिवस शास्त्राप्रमाणे विश्रांती घेतली. माझी आई रोज जेवढे उचलते, वाकते आणि चढते, त्याचा हिशेब कोणत्याही एमआरआय यंत्राने केलेला नाही. तिच्या स्नायूंनाही त्याच चिरा पडतात, तिच्याही मूत्रपिंडाला तेच पाणी कमी पडते, वेदनाशामक गोळ्या तीही घेते. शरीराचा नियम धावपटूला एक आणि मजुराला दुसरा असा नाही. फरक एवढाच की धावपटूच्या विश्रांतीला तयारी म्हणतात आणि मजुराच्या विश्रांतीला खाडा म्हणतात.

मोठे उपाय सुचविण्याएवढा माझा अभ्यास नाही. लहान उपाय मात्र हाताशी आहेत. आपल्या जिमखान्याच्या फलकावर सरावाचे वेळापत्रक लागते. त्यात विश्रांतीचे दिवसही ठळक अक्षरांत लिहावेत, अशी माझी क्रीडा विभागास नम्र विनंती आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मित्रांनी जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर थोडे थोडे धावावे, आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण थांबावे आणि हाड एका जागी दुखले तर अभिमान बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. ज्यांच्या घरची माणसे कष्टाला जातात त्यांनी या लेखातील ताक-मिठाची आणि गोळ्यांची गोष्ट घरी जरूर सांगावी. आईला मी ती फोनवरून सांगितली आहे. आता ती पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ आणि गूळ घालून नेते आणि गोळी शक्यतो टाळते. पाडव्याच्या सुमारास ती परत येईल. त्यानंतर किमान पंधरा दिवस घरचे पाणी मी भरणार आहे, आणि खुरपणीला तिला मी पाठविणार नाही, असे आजीचे व माझे ठरले आहे. जॅक फॉस्टरच्या नियमाने तिला किती दिवस द्यावे लागतील याचा हिशेब मी अद्याप केलेला नाही. तो पंधरा दिवसांत बसणार नाही, एवढे मात्र नक्की.